टोचन आणि तांब्या

माझी आत्या भाऊबिजेला आमच्याकडे यायची ती आपलं पाणी बरोबर घेऊन. पितळेचा फिरकीचा तांब्या, गळ्याशी जरासा चेपलेला, पिशवीत सगळ्यात वर ठेवलेला. आमच्या घरी ती पोटभर जेवायची, आईच्या करंज्यांना नावं ठेवत ठेवत तीन-चार फस्त करायची, वडिलांना ओवाळायची, त्यांनी ताटात घातलेली साडी खांद्यावर टाकून आरशात बघायची. तहान लागली की मात्र पिशवीतून तांब्या काढायची, फिरकी उघडायची आणि वरूनच दोन घोट घ्यायची. आमच्या माठाकडे ती बघायचीसुद्धा नाही.

शेजारच्या बायकांना वाटायचं, हिचं काहीतरी व्रत असेल. आई सांगायची, डॉक्टरांनी उकळलेलं पाणी सांगितलंय. दरवर्षी तेच खोटं, तेवढ्याच सफाईने. वडील, म्हणजे आमचे आप्पा, तांब्याची फिरकी उघडल्याचा आवाज आला की उठून अंगणात जायचे आणि विनाकारण चपला शोधायचे. पायात चपला असायच्या तरी शोधायचे.

एकदा मी आत्याला छेडलं. तेव्हा मी नुकतीच बीडच्या कोर्टात काळा कोट घालून मिरवायला लागले होते. म्हटलं, "आत्या, आमच्या आमटीतलं पाणी चालतं, चहातलं चालतं, मग माठातल्याने काय घोडं मारलंय?" ती करंजी खाता खाता म्हणाली, "वकीलबाई, उलटतपासणी कोरटात करा. हितं गप जेवा." तिचं कारण मला माहीत होतं आणि ते मी डोळ्यांनी बघितलं होतं.

हे सगळं एका टोचनापायी झालं. बंद पडलेली गाडी साखळीने किंवा क्रेनने ओढून नेणं म्हणजे टोचन. आमच्या आप्पांचं सगळं आयुष्य त्यात गेलं. आधी ते सहकारी साखर कारखान्यात होते. उसाने भरलेली ट्रॉली यार्डात रुतली की क्रेन घेऊन जायचं आणि ती उपसून ऊस टाकायच्या गव्हाणीपर्यंत आणायची, हे त्यांचं काम. ट्रॉलीवाला खूश होऊन चहा पाजायला लागला की म्हणायचे, "कारखाना पगार देतोय की मला." आई हे कौतुकाने सांगायची. पुढे ती हे सांगायची बंद झाली, ते केव्हापासून हेही मला माहीत आहे.

मग पाऊस रुसला. एक वर्ष रुसला, दुसऱ्या वर्षी रुसला. उभा ऊस चाऱ्यासाठी छावण्यांवर गेला. गाळपाला काही उरलं नाही, कारखान्याचं धुराडं थंड पडलं आणि कामगारांचे पगार थकले. हंगाम सुरू होईल, मंडळाची बैठक आहे, चेअरमन मुंबईला गेलेत, असं ऐकत ऐकत आमच्या घरातलं एकेक भांडं हललं. शेवटी आप्पांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि एक जुनी पिवळी क्रेन विकत घेतली. पाटोद्याच्या रस्त्यावर एका फाट्यावर, धाब्याच्या बाजूला, लिंबाखाली ती उभी राहायची. आप्पा रोज तिची काच पुसायचे आणि फोनची वाट बघायचे.

फोन काही येईना. घाटात गाड्या बंद पडत होत्या, पण त्या पलीकडच्या फाट्यावरचा दुसरा क्रेनवाला उचलून न्यायचा. एके दिवशी धाबेवाल्यालाच आप्पांची कीव आली. "आप्पा, तुमी लई साधं मानूस हाय बगा," तो म्हणाला. "गाडी बंद पडली की डायवर आदी कुनाला इचारतो? मला. न्हाईतर हवालदाराला. आमी कावून तुमचा नंबर द्यावा? फोन फुकट येत न्हाईत."

तेव्हापासून फोन यायला लागले. जो गाडी कळवील त्याचा हिस्सा ठरला, मग तो धाबेवाला असो, हवालदार असो, पंक्चरवाला असो की खुद्द त्या गाडीचा ड्रायव्हर असो. हा झाला देण्याचा भाग. घेण्याचा भाग बीडला होता. बायपासवर एक मोठं गॅरेज होतं. तिथे गाडी नेऊन सोडली की गॅरेजवाला बिलातला वाटा आप्पांच्या हातावर ठेवायचा. अर्थातच तो वाटा त्याने बिलात आधीच चढवलेला असायचा. म्हणजे सगळ्यांचे हात ओले करायचा तो गाडीचा मालक, आणि त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नसायचा. उलट जाताना तो आप्पांचे आभार मानून जायचा.

धाब्यावर या साखळीला 'सोसायटी' म्हणत. आमच्या जिल्ह्याला सहकाराची सवयच भारी. साखर सहकारी, दूध सहकारी, सूत सहकारी, कर्ज सहकारी, मग खाणं तरी एकट्याने कसं खायचं? हवालदाराला सगळे 'चेअरमन' म्हणायचे आणि महिन्याच्या वाटपाला 'लाभांश'. आप्पा घरी येऊन हे विनोद सांगायचे आणि आम्ही हसायचो. हसण्यासारखं होतंच ते. घरात पुन्हा भांडी यायला लागली होती, माझ्या लॉ कॉलेजची फी वेळेवर जात होती.

आई मात्र एकदा हसता हसता थांबली. एका शिक्षक जोडप्याची गाडी घाटाखाली बंद पडली होती आणि आप्पांनी ती थेट बायपासला नेली होती.

"काय झालंवतं गाडीला?" आईने विचारलं.

"पट्टा तुटलावता."

"मंग पाटोद्यात का न्हाई नेली? तितं हाय की मेस्त्री."

"पाटोद्यात सामान मिळत न्हाई."

"पट्टा मिळत न्हाई व्हय पाटोद्यात?"

"तुला काय कळतंय गाड्यांतलं?" आप्पा म्हणाले आणि ताटावरून उठले. आईला गाड्यांतलं काही कळत नव्हतं हे खरं, पण माणसांतलं कळत होतं. त्या दिवशी उरलेली भाकरी तिने परत टोपल्यात ठेवली आणि स्वतःही जेवली नाही.

आता आत्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आप्पा आणि आत्या, दोघंच भावंडं. त्यांची आई लवकर गेली. मोठ्या दुष्काळात आप्पा पोरवयात बापाबरोबर खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी, पिठाचा गोड खाऊ, वाटायचे, ती स्वतः न खाता फडक्यात बांधून बहिणीसाठी आणायचे. आत्या ही गोष्ट आम्हाला इतक्यांदा सांगायची की आम्ही तिच्या आधी पुढचं वाक्य म्हणायचो. "दादाच्या तोंडाला वास यायचा उपाशी पोटाचा," असं ती म्हणायची, आणि इथे तिचे डोळे हमखास भरायचे. तिचं लग्न शिरूर कासारच्या अंगाच्या एका गावात झालं. आप्पांना ती 'अरे दादा' म्हणायची, आणि जगात तिला त्यांच्यापेक्षा मोठं कोणी नव्हतं. तिच्या गावात कोणी शहाणपणा शिकवला की ती म्हणायची, "माज्या दादाला इचारून सांगते."

त्या उन्हाळ्यात मी कॉलेजातून सुट्टीला घरी येत होते. एसटीतून फाट्यावर उतरले. आप्पा मला घरी सोडणार होते, तेवढ्यात फोन आला. पाण्याचा टँकर बंद पडला होता, आत्याच्या गावाच्या अलीकडे. "चल, बस क्रेनमदी," आप्पा म्हणाले. "जमलं तर आत्याला बी भेटून येऊ." मला आनंद झाला. आत्यासाठी मी चिवड्याची पुडी आणलेली होती, ती मांडीवर घेऊन मी केबिनमध्ये बसले.

टँकर गावाआधीच्या चढावर एका अंगाला कलून उभा होता. मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला होता. ड्रायव्हर चाकाच्या सावलीत उकिडवा बसला होता. "पाटा गेलाय आप्पा," तो म्हणाला. "पाटोद्याच्या मेस्त्रीला बी फोन केलता. पाटा घेऊन येतो म्हनला तासाभरात, हितंच बसवून देतो म्हनला. पन म्हनलं तुमालाबी सांगून ठेवावं." असं बोलून तो आप्पांकडे बघून हसला. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हाही कळला. मेस्त्री आला असता तर टोचन नाही, बायपासचं गॅरेज नाही, ड्रायव्हरचा वाटा नाही आणि आप्पांचाही नाही.

आप्पांनी टँकरभोवती एक फेरी मारली. "तासाभरात म्हंजी संध्याकाळ," ते म्हणाले. "उचलू."

भरलेला टँकर क्रेनच्या हुकाला पेलत नाही. रिकामा केल्याशिवाय उचलायचा नाही, ही क्रेनवाल्यांची रीतच असते. दूध असो, तेल असो, ओझं उतरवायचं आणि मग हूक लावायचा. आप्पा टँकरच्या मागे गेले. चढाच्या पलीकडे गावातल्या देवळाचं निशाण दिसत होतं. टँकर यायची वेळ होती, म्हणजे गावच्या विहिरीवर बाया हंडे मांडून बसलेल्या असणार, हे मलाही कळत होतं आणि आप्पांनाही.

"आप्पा, गावात सांगून येऊ का? बाया भरून नेतील," मी म्हटलं.

"नको. गर्दी झाली की मंग शेवटचा हंडा भरस्तोवर हूक लावू देत न्हाईत. तवर तो मेस्त्री येऊन टपकंल." आणि त्यांनी कॉक उघडला.

पाणी धो धो पडायला लागलं. तापलेल्या मातीचा वास आला. एरवी तो वास आला की कुणालाही बरं वाटतं, मी नाकाला ओढणी लावली. उतारावरून लोट रस्त्याकडेच्या चारीत निघाला, वाटेतल्या काटक्या, लेंड्या, कागद घेऊन. ड्रायव्हरने त्यात पाय धुतले, तोंड धुतलं. वर माळावर एक म्हातारा शेळ्या राखत होता. त्याने ते बघितलं आणि गावाकडे तोंड करून जी आरोळी ठोकली, ती अजून माझ्या कानात आहे. "पानी सोडलं रं! पानी सोडलं!"

थोड्या वेळाने चढावर बाया दिसल्या. पळत येत होत्या. कुणाच्या डोक्यावर हंडा, कुणाच्या कडेवर घागर, एकीच्या हातात पोरगं आणि पोराच्या हातात डबा. ओरडत होत्या, हात हलवत होत्या, बंद करा म्हणत होत्या. आप्पा कॉकपाशी उभे होते. त्यांनी बायांकडे बघितलं. मला वाटलं आता बंद करतील. "निम्मं तर गेलंच," ते पुटपुटले आणि त्यांनी नजर काढून पाण्याकडे लावली. मी आप्पा, आप्पा म्हणत होते. धार तशीच पडत होती.

बाया आणखी जवळ आल्या. सगळ्यांच्या पुढे एक होती, डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला, पळताना एक हात हंड्याला आणि एक हात पुढे. आप्पांनी पुन्हा वर बघितलं आणि यावेळी त्यांना ती ओळखू आली. त्यांचा हात आपोआप गेला. कॉक फिरला, धार थांबली.

आत्या धापा टाकत पुढे आली. आधी तिने भावाला ओळखलं नाही, कारण तो तिथे असेल हे तिच्या मनातच नव्हतं. मग ओळखलं.

"दादा? तू व्हय?"

"अगं ये, ये. हाय आजून तळाला. तू आदी लाव हंडा."

ती हंडा लावायला वाकलीही. मग काय झालं कोण जाणे, तशीच सरळ झाली. तिने ओल्या चारीकडे बघितलं, कॉकवरच्या हाताकडे बघितलं.

"कॉक कदी बंद केलास रे?"

"आत्ता. तू दिसलीस तसा."

"मंग ह्या एवढ्या बाया पळत येत व्हत्या, त्या न्हाई दिसल्या तुला?"

मागच्या बाया येऊन भिडल्या होत्या, त्यांचा गलका चालू होता. आत्या बाजूला झाली. "ह्यायला भरू दे," ती म्हणाली. "मला नको."

ती एका दगडावर बसली, हंडा पालथा घालून. तळाचं गढूळ पाणी बायांनी ओंजळीओंजळीने वाटून घेतलं. आप्पा दोनदा म्हणाले, "घे की गं एक हंडा, येड्यावानी करू नको." तिने मान हलवली. शेवटची बाई भरून गेल्यावर ती उठली आणि रिकामा हंडा कडेवर घेऊन चढ चढायला लागली. मी पुडी घेऊन तिच्यामागे पळाले. पुडी तिने घेतली, माझ्या गालावरून हात फिरवला. हात कोरडा खरखरीत होता.

आम्ही टँकर उचलला. वाटेत पाटोद्याकडून येणारा मेस्त्री भेटला, मोटारसायकलवर, मागे पाटा बांधलेला. त्याने हात केला, आप्पांनी हॉर्न वाजवला. गॅरेजमध्ये तो टँकर आठवडाभर पडून राहिला, कारण बिल चढवलेलं होतं आणि टँकरचा कंत्राटदार घासाघीस करत होता. दुसरा टँकर काही त्या गावाला मिळाला नाही. त्याच आठवड्यात त्या गावात एक म्हातारा वारला. मयताला आंघोळ घालायला पाणी नव्हतं. घरोघरून एकेक तांब्या मागून आणलं आणि त्याला घातलं. आत्यानेही दिलं, तिच्या घरात तेवढंच होतं. हे तिने नाही, तिच्या सुनेने नंतर आम्हाला सांगितलं. सगळ्या जिल्ह्यात सहकार सहकार म्हणून जे चाललेलं असतं, त्यात मला तरी खरा सहकार तेवढाच दिसतो.

त्या दिवाळीला आत्या पहिल्यांदा फिरकीचा तांब्या घेऊन आली.

आप्पा चिडले. आत्यावर चिडता येईना, म्हणून माझ्यावर चिडले. "तू वकिली शिकतीस ना? मंग सांग, म्या काय गुन्हा केला?" मला तेव्हा पुस्तकं नवीन होती, बोलायची हौस होती. मी सांगितलं की हवालदाराला देता ती लाच आहे, त्यात घेणारा गुन्हेगार आणि देणाराही. जबरदस्तीने घेतली म्हणायचं तर लगेच तक्रार करायला हवी, आणि तुम्ही तर लाभांश म्हणून हसत दिली. ते मग म्हणाले, "आनि गॅरेजवाल्याचं? तो तर सरकारी न्हाई."

"त्याचं जरा अवघड आहे. गाडीवाला तुमच्या भरवशावर गाडी देतो. त्याला सांगून घेतलं तर ती दलाली. न सांगता घेतलं तर विश्वासघात. तो दावा लावून तुमच्याकडून वसूल करू शकतो, आणि खोटं सांगून लांब नेली असेल तर फसवणुकीचीही केस होऊ शकते."

"म्हंजी सांगितलं की धंदा, आनि न्हाई सांगितलं की चोरी."

"जवळपास."

त्यांनी माझ्यापुढच्या पुस्तकाची दोन पानं उलटली. मग हळूच म्हणाले, "आनि पानी सोडलं त्याचं?"

त्याला मला कलम सापडलं नाही. मी तसं सांगितलं. आप्पा खाली बघत म्हणाले, "मंग तुज्या आत्याला कुटलं कलम घावलं?"

मला तेव्हा त्यांची इतकी दया आली की मी पुस्तक मिटून आत गेले. माझे वडील दुष्ट नव्हते. कंत्राटदाराच्या खिशातून जातंय, सरकारच्या तिजोरीतून जातंय, गरिबाचं काही जात नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातलेली होती. बिल कोण भरतो एवढंच ते बघत राहिले. बिल न भरणाऱ्याचंही काही जाऊ शकतं, हे त्यांना त्या चढावर दिसलं, आणि तेही बहीण पुढे होती म्हणून. ती मागच्या रांगेत असती तर? हा प्रश्न त्यांनी स्वतःला किती वेळा विचारला असेल, देव जाणे.

पुढच्या पाडव्याला आप्पांनी पेंटर बोलावला आणि क्रेनच्या दारावर लिहून घेतलं, 'गाडी मालक सांगेल त्याच गॅरेजला.' खाली, 'कमिशन घेत नाही, देत नाही.' धाबेवाल्याने ते वाचलं आणि म्हणाला, "आप्पा, देत न्हाई ते लिवायची काय गरज व्हती?" फोन बंद झाले. हवालदाराने क्रेनला मागे लाल दिवा नाही म्हणून दंड केला, मग कागद जुने म्हणून, मग काहीच कारण नसताना. चेअरमनसाहेबांनी सभासदत्व रद्द केलं होतं, दुसरं काय. पलीकडच्या फाट्यावरच्या क्रेनवाल्याने नवी क्रेन घेतली. हप्ते थकले तशी आमची पतसंस्थेने ओढून नेली, आणि न्यायला आलेला क्रेनवाला तोच होता. आप्पांनी त्याला हूक कुठे लावायचा ते दाखवलं, पुढचा बंपर कच्चा आहे म्हणून सांगितलं. मग दूध संघाच्या शीतकेंद्रावर वॉचमन झाले.

क्रेन जाण्याआधी मात्र ते ती घेऊन मुद्दाम आत्याच्या गावी गेले होते. मी होते बरोबर. आत्याच्या दारात क्रेन उभी केली, दार तिच्या बाजूला येईल अशी. आत्या चौथी शिकलेली. तिने एकेक अक्षर लावून वाचलं. "चांगलं लिवलंय," ती म्हणाली. "अक्षर बी चांगलं हाय." मग आत गेली आणि भावासाठी पाणी घेऊन आली, काठोकाठ भरलेला तांब्या. आप्पा ते सगळं प्यायले. त्यांच्या घरी ती पीत नव्हती, पण तिच्या घरी तिने त्यांना कधी तहानलेलं ठेवलं नाही. मला वाटतं, आप्पांना हे दुसरं जास्त लागायचं.

मी तिच्याशी एकदा भांडले. "किती ताणशील गं आत्या? क्रेन गेली, धंदा गेला, अजून काय पाहिजे तुला?" तिला वाईट वाटलेलं मला दिसलं. "म्या काय मागितलं का त्याला कदी?" ती म्हणाली. "मला राग न्हाई पोरी. राग असता तर आले असते का ववाळायला? घशाखाली उतरत न्हाई, त्याला मी काय करू? तुमच्या घरचा घोट घेतला की त्या बाया दिसत्यात मला. मी एकटी त्याची बहीन व्हते, त्या कुनाच्याच न्हवत्या." आप्पांना हे मी सांगितलं नाही, पण त्यांना ते माहीत असणार. दोघं एकाच आईची.

वर्षं गेली. पाऊस आला, गेला, पुन्हा आला. आप्पांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला आणि आठवड्याला बीडला डायलिसिसच्या सुईवर जाणं सुरू झालं. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं. ज्याच्या हाताने टँकर रिकामे झाले त्याला दिवसभराचं पाणी एका छोट्या स्टीलच्या भांड्यात. आई ते सकाळी भरून उशाशी ठेवायची. उन्हाळ्यात ते ओठांवरून ओलं फडकं फिरवायचे आणि भांड्याकडे बघत बसायचे. कधीकधी लहान मुलासारखे हट्ट करायचे, आईला शिव्या द्यायचे, एक घोट वाढवून दे म्हणून रडायचे. आई पदराने डोळे पुसत 'नाही' म्हणायची. त्या घरात बसणं मला नकोसं व्हायचं.

ते गेले त्याच्या आधीची शेवटची भाऊबीज. आत्या आली. दारातच थबकली, कारण भाऊ ओळखू येईना इतका वाळला होता. तिने ओवाळलं. मग ती त्यांच्या कॉटपाशी खाली बसली. उन्हातून आली होती, घसा सुकला होता. सवयीने तिने पिशवीत हात घातला.

"थांब," आप्पा म्हणाले.

त्यांनी उशाचं भांडं उचललं. त्या दिवशीचं जवळजवळ सगळं त्यात होतं, सकाळपासून त्यांनी फक्त ओठ भिजवले होते. बहिणीसाठी राखलं होतं का, ते मला माहीत नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. दोन्ही हातांत धरून त्यांनी ते तिच्यापुढे केलं.

"हे माज्या वाटनीचं हाय," ते म्हणाले. "हे दुसऱ्या कुनाचं न्हाई."

आई पुढे झाली, तिला थांबवायला, कारण तेवढंच पाणी होतं. मी आईचा हात धरला. आत्याने भांड्याकडे बघितलं. मग भावाच्या ओठांकडे, भेगाळलेल्या. ती घेणार नाही असं मला क्षणभर वाटलं. घेतलं तर त्याचा दिवस कोरडा जाणार, न घेतलं तर उरलेले सगळे. तिने भांडं घेतलं, तोंडाला लावलं आणि एका दमात सगळं प्यायली. एक थेंब मागे ठेवला नाही. रिकामं भांडं तिने पदराने पुसून उशाशी ठेवलं आणि भावाच्या पायांवर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

आप्पा तिच्या डोक्यावर हात ठेवून बसले होते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी पाणी मागितलं नाही.